धाकूच्या नावानं शंख

"सायरन येईपर्यंत तुम्ही शंख करा," साहेब म्हणाले, आणि रवळनाथाच्या देवळासमोर बसलेला अख्खा गाव खो खो हसत सुटला.

साहेब जिल्ह्याहून आले होते. डोक्यावर खाकी टोप, काखेत छडी, मानेवरून घामाचे ओघळ. ते मराठीच होते, तेव्हा शंख करणे म्हणजे तोंडावर हात मारून बोंब ठोकणे हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही. पण सरकारी कागदावर 'शंखध्वनी' लिहिलेलं होतं, आणि असला कागद वाचताना माणूस आपली बोली घरी ठेवून येतो.

"हसायला काय झालं?" साहेब तापले. "सिंगापूर पडलं तिकडे! उद्या जपानी विमानं डोक्यावर येतील, तेव्हा हसा. विमान दिसलं की देवळातला शंख फुंकायचा. कळलं?"

बाबल्या गुरवानं गाभाऱ्यातला शंख आणला, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकला. फुस्स. शंखाला तडा गेलेला होता, आणि गुरव बरीच वर्षं आरतीला नुसते गाल फुगवत होता हे त्या दिवशी उघड झालं. गाव पुन्हा हसला. तेवढ्यात मागून जिवा कुबलानं, म्हणजे गावातल्या सगळ्यात वात्रट म्हाताऱ्यानं, तोंडावर हात आपटून अशी लांबलचक बोंब ठोकली की पिंपळावरचे कावळे उडाले. खाडीपलीकडच्या गावातून कुणीतरी उलट बोंब मारून 'काय झालं' म्हणून विचारलंसुद्धा.

साहेबांचे डोळे चमकले. "हाच! हाच ठेवा. तुम्ही केला की पलीकडच्या गावानं घ्यायचा, तिथून पुढच्यानं, थेट तालुक्यापर्यंत."

असा आमच्या वेळबंदराला सायरन मिळाला.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची. नाव भागीरथी, सगळे भागी म्हणायचे. धाकू तारीशी लग्न होऊन वर्ष झालेलं. त्या वर्षी सरकारनं आमच्या गावाला लढाईसाठी काय काय पाठवलं ते सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. पहिल्यांदा आली वाळू. आग लागली तर विझवायला म्हणून बादल्या भरून वाळू, जिल्ह्याहून, बैलगाडीनं, समुद्रकाठच्या गावाला! आमच्या पोरांनी ती बघायला रांग लावली. मग सोमण मास्तरांना दंडावर बांधायला एक पट्टा आणि एक शिटी आली. मास्तर वॉर्डन झाले. बंदुका येणार होत्या, त्या आल्या नाहीत, म्हणून गावातले म्हातारे खांद्यावर वल्ही घेऊन कवायत करायचे. पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, खंदक खणले, त्यांत ओहोटीला खेकडे आणि भरतीला पाणी. रात्री दिवे मालवा असा हुकूम आला, पण रॉकेल मिळेनासं झाल्यामुळे तो आम्ही आधीपासूनच पाळत होतो.

आलं त्यापेक्षा गेलं जास्त. आगबोटी सरकारनं लढाईला नेल्या. रंगूनचा तांदूळ बंद झाला, आणि त्यावरच तर अर्धं कोकण जेवत होतं. तरणे बापये कुणी नेव्हीत, कुणी मुंबईच्या गोदीत. पूर्वी भरती म्हटलं की आम्ही समुद्राकडे बघायचो, त्या वर्षी आया पोरांना माळ्यावर लपवायच्या. बंदराचा दिवा विझवला. आणि शेवटी बंदराची मोठी घंटाही उतरवून नेली, तालुक्याच्या खजिन्यावर इशारा द्यायला. घंटा गाडीत घातली तेव्हा माझ्या सासूनं, जिला मी आये म्हणायची, गाडीवानाला विचारलं, "आणि आमच्या बोटींका वाट कोण दाखयतलो? तुझो बैल?"

गाडीवानानं बैल हाकले.

धाकू त्या सभेला नव्हताच. घंटा जायच्या आधी, सिंगापूर पडायच्याही आधी, तो महादू तांडेलाच्या शिडाच्या मचव्यावरून मंगळुराला गेला होता. तांदूळ आणायला.

जाता जाता साहेबांनी शेवटचा हुकूम सोडला. "आता शंख म्हणजे इशारा. तेव्हा यंदाच्या शिमग्यात कुणीही बोंब मारायची नाही. मारील तो तुरुंगात. आणि वॉर्डन, तुम्हीही त्याच्याबरोबर."

शिमगा, आणि बोंब नाही! जिवा म्हणाला, "मगे होळयेभोवती काय ओव्यो म्हणूच्यो?"

शिमग्याच्या सकाळी आम्ही मांडावर जमलो. मांड म्हणजे होळी उभी करायची जागा, आमची ती खाडीच्या तोंडाशी, पुळणीच्या उंचवट्यावर. होळी पेटलेली, ढोल आलेले, नारळ आलेले, पण सगळे असे उभे की जणू तेराव्याला आलेत. मास्तर शिटी तोंडात धरून गस्त घालत होते. धुकं इतकं दाट पडलं होतं की होळीच्या त्या बाजूचं माणूस या बाजूला दिसत नव्हतं. समुद्र नुसता ऐकू येत होता.

आयेनं माझं मनगट धरलं. "आयक गो. डबो."

मी कान दिला. लाटांच्या आवाजामागे, फार बारीक, टण टण टण.

धुक्यात बंदराला येणारा मचवा डबा बडवायचा, आणि बंदराची घंटा त्याला उत्तर द्यायची. घंटेच्या आवाजावर सुकाणू धरलं की होडी बरोबर खाडीच्या तोंडात. तोंड अरुंद, आणि त्याच्या दक्षिणेला पाण्याखाली एक खडक. त्याला आम्ही म्हातारी म्हणायचो. माझ्या सासऱ्याला त्या म्हातारीनंच गिळलं होतं.

"महादूचो मचवो," जिवा म्हणाला. "काल सांजेक शीड दिसलां हुतां."

"आवाज खंयसून येता?" आयेनं विचारलं.

जिवानं दक्षिणेकडे हात केला. सगळ्यांनाच कळत होतं. डबा दक्षिणेकडून वाजत होता. भरती लागलेली, वारा नाही, आणि पाणी मचव्याला म्हातारीकडे ओढत होतं.

डबा थांबला. घंटेची वाट बघत असणार. मग पुन्हा वाजू लागला, आता घाईघाईनं.

"ढोल!" मास्तर ओरडले. "अरे ढोल वाजवा, बघताय काय?"

ढोल घुमले. सगळ्या ढोलक्यांनी जीव खाऊन बडवले. मास्तरांनी हात वर केला, ढोल थांबले, आम्ही ऐकलं. डबा आणखी दक्षिणेला गेला होता.

"दक्षिणेच्या कड्यार आपटून फिरता आवाज," जिवा म्हणाला. "तेंका वाटता गाव थंय आसा. बंद करा, नायतर आपणच तेंका मारतलंव. मास्तरांनू, बोंब मारूक होयी."

मास्तरांचा चेहरा होळीच्या राखेसारखा झाला. "जिवा, अरे ती विमानाची खूण. पलीकडचा गाव घेईल, त्याच्या पुढचा घेईल. तालुका खंदकात जाईल!"

"जावंदे."

"आणि मी तुरुंगात जाईन!"

"तांय खरां," जिवा म्हणाला. "पण तुमका थंय जेवण तरी मिळात. तेंचां काय?"

टण टण टण टण. आता तो डबा नव्हता, कुणीतरी छातीवर मारून घेतंय असं वाटत होतं. मास्तरांनी शिटी तोंडातून काढली, तिच्याकडे एकदा बघितलं आणि ती सरळ होळीत फेकून दिली.

"मार!" ते म्हणाले. "मार रे जिवा! मारा सगळे!"

काय सांगू! दोन आठवडे गळ्यात अडकलेला शिमगा एकदम सुटला. म्हातारे, गुरव, ढोलवाले, सगळे तोंडावर हात आपटत बोंबलू लागले, आणि जन्मात जे कधी मोठ्यानं शिंकलेसुद्धा नव्हते ते सोमण मास्तर सोवळं बाटल्यासारखा टाहो फोडत त्यांच्यात सामील झाले. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं. मग आम्ही थांबलो. ऐकलं.

पलीकडच्या गावानं बोंब घेतली होती. हुकुमाप्रमाणे. खाडीच्या त्या तीरावर विमान आलं म्हणून सगळे बोंबलत होते, त्यांच्या पलीकडचे डोंगरावरून बोंबलत होते. धुक्यात चारी दिशांनी बोंबच बोंब! आणि मध्ये तो डबा, आता एकदा इकडे, एकदा तिकडे, आंधळ्यासारखा.

"आता सगळेच बापये एकसारखे बोंबलतत," जिवा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच वात्रट नव्हता. "आपलो गाव खंयचो ता तेंका कसा कळात? बाईमाणसान मारूक होयी. बाईची बोंब खंयच्याच गावात उठाची नाय. नाव घेवन मारली तर वळाखतले."

बोलला आणि स्वतःच खाली बघू लागला. कारण आमच्याकडे बाई बोंब मारते ती एकदाच. नवरा गेला की. उलटा हात तोंडावर मारून, त्याचं नाव घेऊन. एरवी नवऱ्याचं नावसुद्धा तोंडात यायचं नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. तिथं उभ्या असलेल्या बायकांत जिचा नवरा मचव्यावर ती कशी मारणार, आणि जिचा नाही ती का मारील? एकही पुढे आली नाही.

मी हात उचलला. आयेनं तो झडप घालून धरला.

"काय करतंस? जित्या घोवाच्या नावान बोंब मारतंस?" ती ओरडली. "ह्याच वाळयेर तेच्या बापाशीच्या नावान मारलंय मी. ती पुरे नाय झाली? तू मारलंस तर तो मेलो म्हणूनच समज!"

"नाय मारलंय तर?" मी म्हटलं.

तिनं हात सोडला नाही. मी तो हिसकावून घेतला, तोंडावर मारला आणि ओरडले. काय ओरडले! मांजरीच्या पिल्लाचा आवाज बरा. पहिल्याच लाटेनं तो खाऊन टाकला. पुन्हा ओरडले, तर खोकलाच लागला.

डबा आता म्हातारीच्या इतका जवळ होता की खडकावर फुटणारं पाणी आणि डबा एकाच ठिकाणाहून ऐकू येत होते.

तेव्हा आये माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं माझा उजवा हात धरला आणि पालथा केला.

"तशी नाय," ती म्हणाली. "हात उलटो धर. गळ्यातसून नको, पोटातसून येवंदे. आणि नाव घे. नाव आधी."

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. वीस वर्षांपूर्वी तिला हे कुणी शिकवलं असेल, हा विचार तेवढ्यातही माझ्या मनात येऊन गेला. मग मी डोळे मिटले.

"धाकूऽऽऽऽ!"

आणि उलटा हात तोंडावर मारला. माझ्या पोटात एवढा आवाज होता हे मला ठाऊक नव्हतं. तो माझा आवाजच नव्हता. मांडावरचे ढोलवाले दोन पावलं मागे सरले. दुसरी बोंब मारली तेव्हा माझ्या शेजारून दुसरा एक आवाज उठला, खरखरीत, जुना, माझ्याहून मोठा. आये बोंबलत होती. पोटच्या पोराच्या नावानं. मग महादूची बायको, "महादूऽऽऽ!", मग तिची जाऊ, मग जिचं तिथं कुणीच नव्हतं त्यासुद्धा. विधवा झाल्यासारखा अख्खा गाव.

आयेनं हात वर केला. सगळ्या गप्प झालो. हेही ठरवलेलं नव्हतं. बोंब मारायची, थांबायचं, ऐकायचं.

डबा बंद होता.

मास्तर पुटपुटत होते, बहुतेक स्तोत्र. लाट आली, फुटली, गेली. दुसरी आली. मला वाटलं, झालं. आयेचं खरं झालं. मीच मारलं त्याला.

आणि धुक्यातून बोंब आली.

डब्याची नाही, माणसाची. चांगली लांब, निर्लज्ज, शिमग्याची बोंब. आणि तिच्या मागोमाग, सगळ्या गावाच्या देखत, सासूच्या देखत, मास्तरांच्या देखत, "भागेच्या नावान बोंऽऽऽब!"

माझं नाव! कुठला नवरा असं चारचौघांत बायकोचं नाव घेतो? मी लाजले की रडले ते आठवत नाही. पुन्हा पोटातून "धाकूऽऽऽ" मारली. त्यांनी उत्तर दिलं, आता उत्तरेला सरकून. पुन्हा मारली. पुन्हा उत्तर, आणखी जवळ. जिवा नाचू लागला. "वळलो! वळलो! म्हातारेच्या आंगावरसून सुटलो!" आणि मग धुकं जरा फाटलं आणि मचव्याची नाळ, त्याचं पुढचं टोक, बाहेर आली, बरोबर खाडीच्या तोंडात, जशी काही घंटा वाजतच होती.

धाकूनं कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकली आणि तो तरातरा वर आला. हातात तो डबा होताच. डबा चेपून सपाट झाला होता. माझ्यासमोर येऊन तो ओरडला, "कोण मेलो गो?"

"तू," मी म्हटलं.

मग त्यानं आयेकडे बघितलं. ती वाळूत बसून पदर तोंडात कोंबून हसत होती, का रडत होती, देव जाणे. "म्हातारे," तो म्हणाला, "तू पण?"

नंतर होळीशी बसून, निखाऱ्यात भाजलेलं खोबरं चावत त्यानं सांगितलं. मंगळुरापासून प्रत्येक बंदरात नवी आवई. जपानी उतरले, अमुक गाव जळालं, तमुक ओस पडलं, उठलं. "आणि हय इलंव तर दिवो नाय, घंटा नाय. डबो वाजवलंव, तर जबाब नाय. तांडेल म्हणालो, गाव उठलो रे. मगे बोंबो आयकल्यो. तांडेल हसलो. म्हणालो, खुळ्या, आज शिमगो! शिमगो आसा म्हणजे गाव आसा. पण दोनय आंगान बोंबो. कळाक नाय वळूचां खंय." त्यानं खोबरं गिळलं. "आणि मगे बाईची बोंब इली. माझ्या नावान. मी म्हटलंय, संपलां, मी मेलंय. डबो हातातसून पडलो. मगे म्हटलंय, मेलंय तर मेलंय, बायलेकडेच जाव्या. सुकाणू फिरवलंय."

त्या दुपारी गावात किती दिवसांनी पोटभर भात शिजला. आणि आम्ही भात शिजवत असताना शंख गावोगाव पळत तालुक्याला पोचला. तिथं आमचीच घंटा दणादणा वाजली. बाजार बंद झाला, कारकून टेबलाखाली गेले, आणि कुणीतरी आमच्याच वाळूसारख्या वाळूची एक बादली चुलीवर ओतली म्हणे.

ऊन उतरता उतरता साहेब आले. बरोबर दोन शिपाई. साहेबांच्या गुडघ्यांना खंदकाची माती लागलेली होती, ती झटकायचं राहून गेलं होतं.

"विमान कुठं आहे?" ते गरजले.

मास्तर पुढे झाले. दंडावर पट्टा होता, शिटी मात्र नव्हती. मला वाटलं, आता यांना नेणार.

"साहेब, चाचणी घेतली," मास्तर म्हणाले.

"चाचणी?"

"विमान आल्यावर सायरन बंद पडला तर? म्हणून आधी बघितलं. तालुक्यापर्यंत पोचला का?"

साहेबांनी एकवार गुडघ्यांकडे बघितलं. "पोचला," ते म्हणाले. "चांगलाच पोचला." मग त्यांना काहीतरी आठवलं. "पण त्यात बायका ओरडत होत्या म्हणे. हे काय?"

तेव्हा आये भाताचं ताट घेऊन पुढे आली आणि ते तिनं साहेबांच्या हातात दिलं.

"साहेबांनू," ती म्हणाली, "बापये सगळे तुम्ही लढायेर नेलास. मगे शंख कोणी करूचो?"

साहेब जेवून गेले. पुढच्या महिन्यात सरकारकडून आम्हा बायकांना दंडावर बांधायचे पट्टे आले. आयेनं तिचा पट्टा बरीच वर्षं उतरंडीला बांधला होता. खरा सायरनही आला, पण लढाई संपल्यावर. तो पेटीतून काढायचंही कुणी मनावर घेतलं नाही.

धाकू पुढे पुष्कळ जगला. मचवे गेले, लाँच आल्या, नातवंडं झाली. जत्रेत मी हरवले की तो भर गर्दीत तोंडावर हात मारून "भागेच्या नावान" असं ओरडायचा आणि मी लाजून मरायची. गेल्या सालच्या माघात तो गेला. घरात, खाटेवर, झोपेत. आये तर कधीच गेलेली.

बायका जमल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. पहिली बोंब माझी, तशी रीत. मी पडवीत उभी राहिले. कुणी शिकवावं लागलं नाही. हात उलटा धरला, पोटातून आवाज काढला, नाव आधी घेतलं. एवढ्या वयातही तो पुळणीपर्यंत गेला असेल. माझ्यामागून बाकीच्यांनी सूर धरला.

आणि मी हात वर केला.

सगळ्या एकदम गप्प झाल्या. लेक माझ्या जवळ आली, तिला वाटलं मला भोवळ येतेय. मी तिला खूण केली, थांब. समोर समुद्राचा आवाज येत होता. मी ऐकत उभी राहिले.